दाराकडं पाठ

शिरूर कासारला बंकटच्या दुकानात कंप्युटर घ्यायला तिघं गेली: सुग्रीव, त्याची बायको कडूबाई आणि पोरगी योगिता. पोरीनं कुठला घ्यायचा याचा अभ्यास केला होता, बापानं दोन बोकडं विकली होती, आणि कडूबाईनं सोबत काय आणलं होतं तर भीती. ती तिच्यापाशी कायमच असायची, पण यंदा तिला कारण होतं. दसरा झाला की नवरा-बायको ऊसतोडीला सिरसाळ्याकडं जाणार आणि योगिता कॉलेजसाठी पहिल्यांदाच मागं राहणार. सोबतीला सुग्रीवची आई वच्छलाबाई, जिला दिसायचं ठीक, पण कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू यायचं नाही.

योगिताला लॅपटॉप हवा होता. "लाईट गेली तरी चालतोय, आबा. आपल्याकडं लाईटीचा काय भरवसा हाय?" बंकटनंही मान डोलावली.

सुग्रीवला ते पटेना. "लॅपटॉप गोधडीत घिऊन बसली तर पोरगी काय बघती अन् कुणासंगं बोलती, हे कुणाला कळनार? टेबलावरचा घ्या. उघड्यावर राहतंय. गाव लई बोलतंय."

याच धाकानं त्यानं तिला मोबाईलही घेऊन दिला नव्हता. घरात एकच मोबाईल, तो त्याच्या खिशात.

योगितानं आईकडं बघितलं. पोरीचं ऐका, एवढंच कडूबाईला म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "टेबलावरचाच बरा. चोरालाबी उचलाया जड." योगितानं मान खाली घातली. भित्र्या माणसाचं हे असंच, बोलायला जातो एक आणि बोलून बसतो दुसरंच. कॅमेरा मात्र कडूबाईनं हट्टानं घ्यायला लावला. रोज दिवेलागणीला पोरीचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणाली.

घरी आल्यावर टेबल कसं मांडायचं तेही सुग्रीवनं ठरवलं. कंप्युटरचा पडदा दाराकडं. म्हणजे येता-जाता कुणीही डोकावलं तर पोरगी अभ्यासच करतेय हे दिसावं. टेबलाचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं कडूबाईनं. योगिता दाराकडं पाठ करून बसायला लागली.

मग दोघं सिरसाळ्याच्या उसात गेली. दिवसभर तोड, मोळ्या बांधणं, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणं. दिवेलागणीला कोपीपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढं, चूल पेटली की कडूबाई मोबाईल पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवायची. पडद्यावर योगिता यायची आणि तिच्या खांद्यावरून मागचं निळं दार दिसायचं. पोरगी बोलायची परीक्षेचं, शेळीचं, आजीच्या गुडघ्याचं. कडूबाई हूं हूं करायची आणि बघत राहायची ते दार. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तर तिच्या ब्रह्मराक्षसाला यायला ते दार आयतंच मिळालं होतं. कधी वाऱ्यानं दार हललं तरी तिच्या हातातलं पीठ खाली सांडायचं.

"कडी लाव की गं," ती म्हणायची.

"आबांनी लावू नको म्हणलंय. लोकं म्हणतील, दार लावून काय करती."

तेही खरंच होतं. कडूबाई पुन्हा पीठ मळायला घ्यायची.

त्या दिवशी योगिता सांगत होती की आजीनं आज कालवणाला तिखट कमी म्हणून भांडण काढलं. कडूबाईला हसू आलं आणि तेवढ्यात मागचं दार हळूच उघडलं. फार नाही, हात आत जाईल एवढं. त्या फटीत माणूस उभा होता. अंगात पांढरा सदरा, तोंड अंधारात.

कडूबाई थांबली, कारण त्यांच्या गावात बाई-माणसाच्या घरी कुणी गडी आला की तो उंबऱ्याबाहेर खाकरतो. पाव्हणा असो, दूधवाला असो, सख्खा दीर असो. खाकरला की आतली बाई पदर सावरते, कोण हाय विचारते, मग माणूस आत येतो. तान्ह्या पोराला कळतं अशी ही रीत. कडूबाई त्या खाकरण्याची वाट बघत राहिली. ते आलंच नाही. माणूस नुसता बघत होता आणि योगिता त्याच्याकडं पाठ करून आजीची नक्कल करत होती.

"योगे, माग..." एवढंच तिला म्हणता आलं.

योगिताचं तोंड अर्धवट उघडलेलं तसंच थिजलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं. मग तेही गेलं.

कडूबाईनं मोबाईल हलवून बघितला. लाईट गेली असणार, हे तिला कळत होतं. लाईट गेली की कंप्युटर बंद, त्यासंगं नेट बंद आणि घरात अंधार. बंकटच्या दुकानात पोरगी हेच तर सांगत होती. आता त्या अंधारात तिची पोरगी, एक बहिरी म्हातारी आणि एक न खाकरलेला माणूस, अशी तिघं होती.

तिनं गावाकडच्या शेजारणीला, बबिताला फोन लावला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

सुग्रीव बैलांना उसाचं वाढं टाकत होता. तिनं त्याला धापा टाकत सांगितलं.

"लाईट गेली आसल," तो म्हणाला.

"आवो, दारात मानूस व्हता."

त्यानं वाढं टाकायचं थांबवलं नाही. कडूबाईनं वीस वर्षं या माणसासंगं संसार केला होता. कुत्रं भुंकलं तरी हा काठी घेऊन उठायचा. तिला आता त्याचीच भीती वाटली.

"तुमी घाबरला कावून न्हाईत?"

सुग्रीवनं बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "आजिनाथ आसल."

आजिनाथ म्हणजे त्याचा चुलतभाऊ, गावाच्या टोकाला राहणारा.

"तुमाला कसं ठावं?"

"मीच सांगितलंय त्याला. दिवेलागणीला एक चक्कर मारत जा, पडद्यावर काय हाय बघत जा, म्हणलतो. फकस्त बघत जा."

खरं तर तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण भीती वाढलीच. राखायला ठेवलेला माणूस खाकरतो. ज्याच्या मनात काही नाही तो खाकरतो. शेताला कुंपण घालावं आणि कुंपणानंच शेत खावं तसं झालं तर दाद कुणाकडं मागायची? आणि त्याला दार उघडं ठेवून दिलं कुणी? टेबलाचं दुसरं टोक धरलं कुणी?

ती मोबाईल मुठीत धरून रस्त्याकडं चालायला लागली. शिरूर कुठं, सिरसाळा कुठं, मध्ये अख्खा जिल्हा, आणि या वेळी एस.टी. नाही. तरी ती चालत राहिली. मागून सुग्रीव हाका मारत होता. तोंडानं ती बडबडत होती, वैजनाथा, पोरीला राख, मी पुन्हा कशालाच भिणार नाही. हे खोटं आहे हे तिला तेव्हाही कळत होतं.

मोबाईल वाजला. बबिताचा नंबर.

"माय, मी हाय." योगिताचा आवाज. "बबिता वैनीकडं हाय. आजीबी हाय. वैनी धार काढाया म्हशीखाली बसली व्हती, म्हणून फोन उचलला न्हाई."

कडूबाई रस्त्याच्या कडेला मटकन बसली.

योगितानंच सांगितलं. लाईट गेली तसा तो आत आला. हाक नाही, नाव नाही. "मी आजीचा हात धरला अन् परसदारानं निघाले. तो खाटेपतोर आलता, माय."

"तुला कसं कळलं? तुजी तर पाठ व्हती."

"पडदा काळा झाला की आरशावानी दिसतंय. दारातलं समदं दिसतंय त्यात, बाहेर अजून थोडा उजेड व्हता. लई दिवस झाले, रोज येतोय. कंप्युटर बंद केला की मला दिसायचा."

"मला सांगितलं कावून न्हाईस?"

योगिता म्हणाली, "सांगितलं असतं तर तू मला तोडीवर बोलवून घेतलं असतंस."

कडूबाईला ते नाकारता येईना. तिनं तेच केलं असतं, दुसऱ्याच दिवशी. पोरगी तिकडं आजिनाथाला भीत होती आणि त्याहून जास्त भीत होती आईच्या भीतीला. एवढे दिवस एकटीनं तो आरसा बघत बसली होती. कडूबाईला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

सुग्रीव शेजारी येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो काही बोलायला गेला तर कडूबाई डोळे पुसून म्हणाली, "सकाळच्या गाडीनं गावाला जा. आजिनाथाला काय सांगायचं ते सांगा. दाराला आतून कडी लावायची, गाव काय बोलायचं ते बोलू द्या. अन् टेबल फिरवा." लग्नापासून तिनं नवऱ्याला एवढं लांब काही सांगितलं नव्हतं.

तो गेला आणि सगळं करून आला. आपली पोरगी हाय ती, तोडीवर यायची न्हाई, एवढंच तो आल्यावर म्हणाला. लॅपटॉपचं त्यानं पुढच्या सालावर ढकललं, पण नाही म्हणाला नाही.

संध्याकाळी कडूबाईनं मोबाईल घागरीला टेकवला. योगिता आली. तिच्या मागं आता नुसती भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर. दार आता पोरीच्या समोर होतं, म्हणजे कडूबाईला दिसत नव्हतं. एवढे दिवस त्या दारानं तिचा जीव खाल्ला आणि आता ते दिसत नाही म्हणूनच तिचा जीव खालीवर होत होता.

योगिता परीक्षेचं सांगत होती. सांगता सांगता तिची नजर पडद्यावरून वर गेली आणि तिथंच थांबली. कडूबाईला फक्त पोरीचे डोळे दिसत होते. मग बाहेर कुणीतरी खाकरलं, मोठ्यानं, नीट घसा साफ करून.

"कोन हाय गं?"

"आजिनाथ काका," योगिता हळू आवाजात म्हणाली. "आता खाकरतोय."

"अन् कडी?"

"लावलीय, माय."

कडूबाईनं मोबाईल घागरीवरून उचलून तोंडाजवळ धरला. योगितानं परीक्षेचं पुढं सांगायला सुरुवात केली, पण नजर दारावरून काढली नाही.