म्हशीला सुई चालते

“ही सुई घेतली की पोरी वांझ व्हतात. परदेशी डाव हाय!” कमळाकरकाका शाळेच्या व्हरांड्यात ओरडले.

“वांझ-बिंझ सोडा. कंपन्या गरिबांच्या पोरींवर प्रयोग करतात,” हरेशदादा म्हणाले. “पण सुई नाय म्हंजे नाय!”

दोघे दोन पक्षांचे. निवडणुकीपासून एकमेकांच्या घरच्या लग्नालाही जात नाहीत. आज मात्र एकाच दारात, शहापूरहून आलेल्या सिस्टरची वाट अडवून उभे.

“रस्त्यासाठी कदी एक झाले नाय गो,” मागे कुणीतरी बाई पुटपुटली.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून ही सुई वाचवते, हे सिस्टरने आम्हा मुलींना नीट समजावलं होतं. पण आया पोरींचे हात धरून घरी निघाल्या. माझी आईसुद्धा उठली. आई, म्हणजे चंदा, आटगाव स्टेशनबाहेर भाजी विकते. गिऱ्हाइकाशी दणक्यात बोलते, पण गावात चार माणसं जमली की पदर तोंडाशी. रंजितामावशी याच कॅन्सरने गेली. आई मात्र सगळ्यांना ‘पोटाचं दुखणं’ एवढंच सांगायची.

माझी सुई हातची चालली होती! मला राहवेना.

“काका, लाळ्या-खुरकुताची सुई मारायला डॉक्टर आले, तवा तुमच्या म्हशीचं दावं कुणी धरलेलं?”

“मीच की.”

“मग म्हैस वांझ झाली?”

“कुठची! तीनदा व्याली!” त्यांच्याच बायकोने, बाईजाकाकूने सांगून टाकलं. व्हरांडाभर हशा. हरेशदादा सगळ्यात मोठ्याने.

“दादा, हसू नका. तुमच्या बैलांना पण मारली. तवा प्रयोग नव्हता?”

हशा आणखी वाढला, पण पुढे कुणी सरकेना. तेवढ्यात आईने पदर खाली केला.

“माझी रंजिता ह्याच रोगानं गेली. पोटाचं काय नव्हतं. ती लाजेनं बोलली नाय, मी पण नाय बोलले.” आवाज भाजी विकतानाचा, पार मैदानापर्यंत. “सरका रे दोघं. माझ्या पोरीला पयली द्या.”

सरकले! एक इकडे, एक तिकडे. मी ऐटीत आत गेले. मागोमाग रविना, कुणाली, आणि बापाकडे न बघता हरेशदादांची अक्षदाही.

मुंगी चावावी एवढंच दुखलं. सिस्टरने दिलेला कापूस आईने माझ्या हातातून घेतला आणि दंडावर दाबून धरला. रक्त कधीच थांबलं होतं. रांग संपली, सिस्टरने डबा बंद केला, तरी आईचा अंगठा तिथून हलला नाही.