सैल केलेली जाडी तार

मित्रांनो, बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी खिळ्याला टांगलेली ती जुनी गिटार दिसते ना, ती मी. माझ्या पोटावरचे पॉलिश उडाले आहे आणि पाठीवर कुणीतरी चिकटवलेल्या चित्राचा गोंद अजून तसाच आहे. रूपाबद्दल मी बोलणार नाही. पण माझ्या आवाजाला आजवर कुणी नावे ठेवलेली नाहीत, हे मात्र ताठ मानेने सांगते. तशी माझी मान ताठच असते म्हणा.

एका कारागिराच्या लहानशा खोलीत माझा जन्म झाला. तो पातळ फळी कानाशी धरून बोटाने वाजवायचा, तोंड वाकडे करायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. वाफेवर धरून त्याने माझ्या कडा वाकवल्या, तेव्हा जीव नकोसा झाला होता. पुढे एका तरुण शिक्षकाने मला विकत घेतले. बाहेर बोचरा वारा होता, म्हणून त्याने अंगातला कोट काढून मला गुंडाळले आणि स्वतः कुडकुडत घरी आला. दारात त्याची बायको उभी होती. ती म्हणाली, "कोट तिच्यासाठी शिवला होता होय? मला वाटलं तुमच्यासाठी."

त्या दिवसापासून मी या घरची झाले. खाली कपडे इस्त्री करण्याचे दुकान आणि वर आमची ही खोली. सरांकडे मुले शिकायला येत. काहींनी मला इतके बडवले की मी गिटार आहे की ढोल, असा मलाच प्रश्न पडे. सर मात्र कधी चिडले नाहीत. कागदावर काही लिहून देण्याची त्यांना सवय नव्हती. ते वाजवून दाखवत आणि म्हणत, "बोटांकडे बघू नका, ऐका."

बाईंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आवाज भरदार होता, आणि फार खालचा. त्या स्वयंपाकघरात गुणगुणू लागल्या की सर मला घेऊन दाराशी बसत. पण माझी सगळ्यात जाडी तारसुद्धा त्यांच्या सुरापर्यंत उतरत नसे. एका संध्याकाळी सरांनी त्या तारेची खुंटी जराशी पिळली आणि तार सैल सोडली. पोटातून असा काही गहिरा सूर निघाला की मीच दचकले. बाई हात पुसत बाहेर आल्या. "उतरलात एकदाचे खाली," त्या म्हणाल्या.

मग सरांनी स्वतःच्या जेवढ्या चाली बांधल्या, त्या सगळ्या तशाच बांधल्या. आपली चाल वाजवायच्या आधी ते डाव्या हाताने ती खुंटी सैल करत आणि मुले यायच्या आधी पुन्हा घट्ट करत. हे त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. दार उघडल्याशिवाय कुणी आत येत नाही, पण 'मी आता दार उघडतो' असे सांगत कोण बसते?

बाई गेल्या. त्यानंतर सर एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवू लागले. बाई जे गुणगुणायच्या त्याच्याभोवती ती बांधलेली होती. आणि मग सरांची बोटे थरथरू लागली. सूर फाटू लागला. मला त्यांची दया येई, पण माझ्या हातात काय होते? मला तर हातच नाहीत.

त्यांची मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायचे, "आता कसं दिसतं? आणि आता?" एके दिवशी ती कॉम्प्युटर घेऊन वडिलांशेजारी बसली.

"बाबा, तुमच्या चाली तुमच्या बोटांतच आहेत. कुठे लिहिलेल्या नाहीत. आपण त्या उतरवून घेऊ या."

"मला कुठे लिहिता येतं? स्वरलिपीच्या त्या पाच ओळी आणि त्यावरच्या मुंग्या मला आयुष्यात जमल्या नाहीत."

"पाच नाही, सहा ओळी. प्रत्येक तारेला एक. गिटारच्या मानेवरच्या कितव्या घरात बोट ठेवायचं, तो आकडा त्या ओळीवर टाकायचा. मोकळी तार असेल तर शून्य."

तिने दोन सॉफ्टवेअर उघडून दाखवली. पहिले उघडताच सहा ओळी समोर येत. दुसऱ्यात सहा ओळीही होत्या आणि पाच ओळीही, पण सुरुवातीलाच ते प्रश्न विचारत सुटे. वाद्य कोणते, तारा किती, कोणती तार कोणत्या सुरात लावली आहे, ताल कोणता.

"शेजारणीसारखं चौकशा करतंय," सर हसून म्हणाले. "नको ते. गरीब बिचारं पहिलंच बरं."

मुलगीही हसली. तिने पहिलेच घेतले. सगळ्या तारा नेहमीच्याच सुरात असणार, असे ते मुकाट्याने धरून चालायचे. तेव्हा मीही त्या हसण्यात सामील होते मित्रांनो, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त टोचणी आहे.

रोज ती कामावरून आली की सर खुंटी सैल करून दोन-चार सूर वाजवत आणि आकडे सांगत. थरथरत्या बोटांनी एक ओळ उतरायला बराच वेळ लागे. "जाडी तार, मोकळी," हे तर सारखेच येई, कारण त्यांच्या प्रत्येक चालीचा पाया तोच होता. मुलगी मान खाली घालून शून्य टाकत जाई. खुंटीकडे तिचे लक्ष कधी गेले नाही. कॉम्प्युटरचा स्पीकर बिघडला होता, म्हणून लिहिलेले वाजवून पाहणेही झाले नाही. बाईंची चाल त्यांनी शेवटी घेतली आणि ती निम्मी झाली असताना सर एका सकाळी चहाचा कप हातात घेता घेता कोसळले.

त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. डावा हात तेवढा चाले. मुलीने त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत आणला आणि नवा स्पीकर घेतला. "बाबा, तुमच्या चाली ऐका," म्हणत तिने कॉम्प्युटर लावला.

सगळ्या तारा बरोबर बोलत होत्या. फक्त जाडी तार चढ्या सुरात बोलत होती. जिथे तळ लागायला हवा, तिथे पायाखाली खडा यावा तसे होत होते. सरांनी डोळे मिटले. मग घशातून आवाज काढत डावा हात हवेत पिळू लागले.

"काहीतरी चुकलंय, हो ना?" मुलगी म्हणाली. "सांगताना तुमची गफलत झाली असेल. मी करते दुरुस्त."

तिने फार माया लावून दुरुस्त्या केल्या. खटकणारे शून्य काढून ते वरच्या एका तारेवर टाकले. आता कानाला खटकत नव्हते, पण चालीतला खोल सूर निघून गेला होता. सर ऐकून रडले. तिला वाटले, आनंदाने रडताहेत.

मग तिने मला त्यांच्या छातीशी ठेवले. सरांनी डाव्या हाताने चाचपत ती खुंटी शोधली आणि जीव खाऊन पिळली. तार सैल झाली. मला वाटले, सुटलो आपण.

"अहो बाबा, राहू द्या," ती हळूच म्हणाली. "तार उतरेल."

तिने त्यांचे बोट अलगद सोडवले आणि तार पुन्हा वर चढवली. दुसऱ्या दिवशीही तेच झाले, तिसऱ्या दिवशीही. ते सैल करत, ती घट्ट करी. मी ओरडून सांगणार होते, पण छेडल्याशिवाय मला बोलता येत नाही. शेवटी सरांनी खुंटीवरचा हात काढला आणि माझ्या लाकडावर नुसता ठेवून दिला. पुढे तो हातही थंड पडला.

सर गेल्यावर त्यांचे जुने विद्यार्थी चाली मागू लागले. काहींना त्या पाच ओळींत हव्या होत्या. पहिल्या सॉफ्टवेअरला ते जमत नव्हते, म्हणून मुलीने त्या चौकशीखोराला पुन्हा उघडले. वाद्य? गिटार. तारा? सहा. कोणती तार कोणत्या सुरात? पडद्यावर सहा चौकटी आल्या आणि सगळ्यात खालची जाड्या तारेची.

ती थांबली. हवेत पिळणारा सरांचा डावा हात तिला आठवला. मग उठली, मला खिळ्यावरून काढले आणि वडिलांचे बोट जिथे असायचे, त्या खुंटीवर स्वतःचे बोट ठेवले. सैल केली. छेडली. तो गहिरा सूर खोलीत पसरला आणि तिने मला मिठी मारली.

"सांगत होतात ना हो," ती एवढेच म्हणाली.

दुरुस्त केलेल्या चालींत तिने हलवलेले शून्य कोणते आणि सरांचे मूळचे कोणते, हे आता तिलाही आठवत नाही. त्या तशाच, तळ नसलेल्या राहिल्या. फक्त बाईंच्या चालीला तिने हात लावला नव्हता. आईची म्हणून तिला धीर झाला नव्हता. ती तिने समोर ठेवली आणि चाचपडत एकेक आकडा वाजवला. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून वाजवायचे तसेच सगळे आले, एकही सूर खोटा नव्हता. आणि जिथे सरांनी त्या सकाळच्या आदल्या दिवशी सांगणे थांबवले होते, तिथे चाल थांबली. पुढची मला ठाऊक आहे. पण ती वाजवणारी बोटे राहिली नाहीत.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण घरातले कुणी बोलायचे थांबले आणि त्यांचा हात पुन्हा पुन्हा एकाच जागी जाऊ लागला, तर तो हात बाजूला करू नका. चष्म्याच्या दुकानात विचारतात तसे शांतपणे विचारा. आता बरोबर वाटतं का? आणि आता?

मुलगी हल्ली माझी ती तार घट्ट करत नाही. सैलच ठेवते.