न खपलेल्या साड्यांची मालकीण

परसराम वस्त्र भांडारात जो माल खपत नाही, तो घरच्या बायकांच्या अंगावर जातो. तुमसरच्या बाजारात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. दुकान सासऱ्याच्या नावाचं, गादीवर आता नवरा सेवकराम. राधाबाई सून होऊन आली त्याला तीस वर्षं झाली, पण या तीस वर्षांत तिनं एकही साडी आपल्या मनानं निवडली नव्हती. गिऱ्हाइकांनी नाक मुरडलेली, घडीवर फिकी पडलेली, काठ भलतेच भडक निघालेली, अशी जी जी उरली ती ती तिनं नेसली. वर शेजारणी म्हणायच्या, "तुमचं काय बाप्पा, घरचंच दुकान!" दिव्याखाली अंधार असतो, हे त्यांना कोण सांगणार?

राधाबाईच्या बहिणीच्या पोरीचं, रुचिताचं साक्षगंध (साखरपुडा) ठरलं, तेव्हा सेवकरामनं एक साडी काढून बायकोपुढे ठेवली. मोरपंखी, आणि तिला लालभडक काठ. राधाबाईनं ती लगेच ओळखली. तीन दिवाळ्या ती साडी दुकानाच्या एकाच खणात बसून होती.

"हे नेस साक्षगंधाले," तो म्हणाला. "नवी कोरी आहे."

"नवी कोरी आहे तं विका ना."

"खपली असती तं तुले कायले दिली असती?"

हे तो चेष्टेनं बोलला नाही. अगदी सरळ मनानं बोलला, आणि तेच राधाबाईला झोंबलं. संध्याकाळपर्यंत ती धुमसत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, फॉल-पिकोच्या कामाचे साठवलेले पैसे घेऊन ती भरबाजारातून दामिनीच्या बुटीकमध्ये गेली.

दामिनी चिखला गावची, खाणकामगाराची पोरगी. नागपुरात शिकून आली आणि दोन गल्ल्या पलीकडे तिनं दुकान टाकलं. सेवकराम त्याला 'पोरीचं खेळणं' म्हणायचा. कापडवाल्याच्या सुनेनं तिथं जाणं म्हणजे हलवायाच्या बायकोनं शेजारच्या हॉटेलात बसून जिलबी खाणं. खाऊ दे की! तिलाही जीभ आहे.

दारात मात्र राधाबाईचं धैर्य गळालं. सवयीनं तिनं चपला काढल्या.

"राहू द्या ना काकू, घालूनच या," दामिनी आतून म्हणाली.

आत गादी नव्हती. कुणी पुढ्यात कापड पसरून दाखवत नव्हतं. सगळं दांड्यांवर टांगलेलं, आणि आपणच हात लावून पाहायचं. राधाबाईला चोरी केल्यासारखं वाटायला लागलं.

"काय दाखवू काकू?"

"मीच पाहून राहिली," ती म्हणाली, आणि तिचा हात सरळ कोपऱ्यातल्या दांडीकडे गेला. शेणकट रंगाचा एक कुर्ता तिनं ओढून काढला. "हा बरा आहे."

दामिनीला हसू आवरेना. "काकू, सहा महिन्यांपासून पडून आहे तो. कोणी पाह्यत बी नाही त्याच्याकडे. तुमी एवढ्यातून बरोबर तोच कसा काढला?"

राधाबाईची कानशिलं तापली. इथं सेवकराम नव्हता, सासरा नव्हता, कुणी तिच्या पुढ्यात काही टाकलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या हातानंच न खपलेला माल हुडकला होता. तिला त्या हाताचा असा संताप आला, की कुर्ता तिनं परत टांगलाही नाही. तिथंच टाकला.

"तुह्या दुकानात सगळ्यात जास्त काय खपते?"

"तो पुतळ्यावरचा. गडद निळा. हा शेवटचाच उरला."

"मंग उतरव."

घालून ती आरशासमोर आली, पाठमोरी वळली, आणि मग तिच्यातली कापडवाली जागी झाली. "काखेत शिवण ओढून राहिली. बाह्या दोन बोटं उतरव. अन् गळ्याचा हा दोरा कच्चा आहे, एका धुण्यात सुटन."

दामिनी मशीनवर बसली. तोवर राधाबाईनं स्टुलावर बसून चहा घेतला आणि एकेक कपडा बोटांत चोळून पाहिला. पिवळा? नको. फुलाफुलांचा? नको. 'नको' म्हणायला एवढं गोड लागतं, हे तिला पन्नाशीला येऊन कळलं. मग घ्यायचे नव्हते तेही चार कपडे तिनं मागून घेतले आणि चारींना नको म्हटलं.

निळा कुर्ता घालूनच ती परत निघाली. एरवी ती मागच्या गल्लीनं घरात शिरायची. आज दुकानाच्या पायऱ्या चढून गेली. बपेरा गावाहून आलेल्या तीन बाया गादीवर बसून साड्या पाहत होत्या. सेवकरामच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

"हे कोठून आणलं?"

"दामिनीकडून."

तो जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "गिऱ्हाईक पाहून राहिले! मले न विचारता काहून आणलं?"

"तुमी मले विचारून कधी आणलं?" राधाबाईनं आवाज मुळीच दाबला नाही. बपेऱ्याची एक बाई पदर तोंडाला लावून हसली.

"आत जा अन् बदलून ये. साक्षगंधाले अशी आली तं मी येत नाही."

"नका येऊ. मी एकटी जातो. अन् कोणी विचारलं तं दामिनीच्या दुकानाचं नाव बी सांगन."

एवढं बोलूनही ती आत गेली नाही. बपेऱ्याच्या बायांशेजारी, गिऱ्हाइकाच्या जागेवर, ती मांडी घालून बसली.