सुट्टीपुरते टाके

“बाबा, तुम्ही आयुष्यात एकदा तरी खरं पिस्तूल झाडलंय का?”

प्रश्न सुटला आणि दारात सायकली धरून उभ्या असलेल्या दोघी मैत्रिणींनी तोंडावर हात दाबले. हिंमत असेल तर विचारून दाखव, अशी पैज त्यांनीच लावली होती. आणि फटाकडी, सगळे तिला याच नावाने हाक मारत, पैजेला मागे हटणारी नव्हती. निदान दहावी पार पडल्यापासून तरी नाहीच.

बाबांनी मान वर केली नाही. भिजवलेलं चामडं साच्याच्या लाकडी पिस्तुलावर ताणून ते हाडाच्या पट्टीने कडा दाबत होते.

“लाकडी झाडलंय,” ते म्हणाले. “आवाज कमी येतो.”

मैत्रिणी खिदळत सायकलींवर बसल्या. “सोमवारी बसवर ये गं, नाहीतर खिडकी माझी!” एक ओरडली.

फटाकडीचं हसू ओठांवरच वाळलं. शहरातल्या कॉलेजात तिला जागा मिळाली होती, वसतिगृहात पलंगही. सोमवारी हजर व्हायचं होतं. पण जुन्या घडणीच्या होल्स्टरांचं, पिस्तुलाच्या चामडी म्यानांचं, मोठं काम आलं होतं. बाबांची नजर बारीक टाक्याला दगा देऊ लागली होती आणि तिचा हात लहान नि नेमका होता. “एवढी सुट्टी बस. कॉलेज काय पळून जातंय?” सुट्टी संपत आली तरी हे त्यांचं रोजचं. आई दोऱ्याला मेण लावून लेकीपुढे ठेवत जाई. दुकानाच्या एकुलत्या खिडकीवर चामडी वाळत टांगलेली. उजेडसुद्धा अंग चोरून आत यायचा.

तेवढ्यात जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. त्याने फडक्यातून एक काळपट होल्स्टर काढून बाबांपुढे ठेवलं.

“मालक, याचं काय येईल? जरा पॉलिश मारून आणू का?”

“चुकूनही नको. चकाकलं की मोल गेलं.” बाबांनी आत बोट फिरवलं. “गंज लागलाय. कुणीतरी पिस्तूल वर्षानुवर्षं आतच ठेवलं. घरी आलं की बाहेर काढायचं असतं हो. चामडं ओल धरतं, पोलादाला खातं.”

“पण शिवण तर बघा! मुंगी चालावी तशी. आता कुणाला येते अशी? तुमच्या वडिलांचा हात ना हा?”

फटाकडीने होल्स्टर ओढून खिडकीच्या उजेडात धरलं. वळणावर, कड फिरण्याआधी, एक टाका मुद्दाम तिरका घातला होता. अगदी तसाच टाका तिच्या मांडीवरच्या कामात होता, अजून ओल्या मेणाचा. ती एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली.

“वडिलांचा नाही,” बाबा म्हणाले. “माझा.”

“काय सांगता! केवढे होता तेव्हा?”

“हिच्याएवढा. शाळा नुकती संपली होती. त्यांनी सुट्टीपुरतं बसवलं होतं.”

“मग?” व्यापारी हसला. “कधी संपली सुट्टी?”

बाबाही हसायला गेले. हाडाची पट्टी त्यांनी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. कोपऱ्यात आईचा मेण लावणारा हात थांबला होता.

भाव तसाच अर्धवट ठेवून, उद्या येतो म्हणत व्यापारी गेला. कुणी दिवा लावायला उठलं नाही. बाबांनी लाकडी पिस्तूल बाहेर ओढून पाहिलं. चामडं वाळलं होतं, सोडत नव्हतं. त्यांनी ते पायांत दाबून धरलं आणि जोर लावला. मग तसंच राहू दिलं.

फटाकडीने हातातला टाका पूर्ण केला, गाठ मारली, दोन्ही सुया मेणाच्या गोळ्यात खोचल्या. मांडीवरचे दोरे झटकून ती उभी राहिली.  

“आई, बाबा, रविवारी संध्याकाळपर्यंत मी शिवते, हवं तेवढं. सोमवारच्या बसने मी जाणार आहे.”