चौथं कडवं

तबकडीच्या मधोमध जो लाल कागद चिकटवलेला असतो, त्याच्यावर कुणाच्या तरी अंगठ्याची हळद लागली होती, आणि ती नेमकी नावावर. 'गीत : लवू' एवढं वाचता येत होतं, पुढचं सगळं पिवळ्या डागाखाली गेलं होतं. राघोने तबकडी शर्टाच्या बाहीला पुसली, पण फक्त काळा भाग. कागदाकडे त्याने लक्षच दिलं नाही — का द्यावं, वाजतो तो काळा भाग... भाईंदरपासून उत्तनपर्यंत लग्नाकार्यांत कर्णे बांधणारा हा राघो, आणि ही त्याची पाचवी तबकडी. आधीच्या चार झिजून गेल्या, असं तो लवू मास्तरांना अभिमानाने सांगत होता. मास्तर हसले. हे हसू त्यांना सवयीने यायचं. गाण्याचा विषय निघाला की ओठ थोडे फाकायचे, मान खाली जायची, आणि बघणाऱ्याला वाटायचं, काय साधा माणूस आहे.

ते हसू आज संपवायचं, असं ठरवून लवू मास्तर घरून निघाले होते.

मुर्ध्याला जिजाबाईच्या मुलीची, सुगंधाची, हळद होती. जिजाबाईचा दीर दाजी स्वतः भाईंदरला येऊन आमंत्रण देऊन गेला होता: गाणं तुमचं, गाव आमचं, तेव्हा माइकवर दोन शब्द बोलायचेच. बायको म्हणाली, जा की, तुम्हाला आवडतं ना बोलायला. विमला ते सहज म्हणाली, तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती, पण मास्तरांनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. तिला काय माहीत. कुणालाच काही माहीत नव्हतं, एक जिजाबाई सोडून... आणि जिजाबाईला किती माहीत आहे, ती काय समजून आहे, हे बारा वर्षांत मला कळलेलं नाही. विचारायची माझी छातीच झाली नाही.

त्रेसष्ट सालची गोष्ट. रत्नागिरीकडून येऊन मुर्ध्याच्या शाळेत त्यांना दोन वर्षं झाली होती आणि बायकांचा साक्षरतेचा वर्ग त्यांच्या गळ्यात पडला होता. मासळी विकून आलेल्या, मिठागरावरून आलेल्या बारा-चौदा बाया दुपारी पाट्या घेऊन बसायच्या आणि 'ग'ला काना देता देता पेंगायच्या. जिजाबाई पेंगायची नाही. तिला कसलीशी घाई होती. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला — खाडीचं पाणी मिठागरात घ्यायला बांधात जी फळी असते, उघाडी म्हणतात तिला, ती मोठ्या भरतीला पाडायला तो गेला आणि पाण्याबरोबरच गेला. कंदील तेवढा बांधावर सापडला, विझलेला. त्याच्यावर तिने गाणं रचलं होतं, मीठ ओढता ओढता, पदरात पाच वर्षांची मुलगी घेऊन. एक दिवस तिने वही पुढे सरकवली. म्हणाली, मास्तर, माझं गाणं लिहून द्या, पुस्तकातल्यात माझा जीव रमत नाही, आपलंच असलं तर लवकर वाचीन. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. चार कडवी. चौथ्यात तिने नवऱ्याचं नाव घेतलं होतं. बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, कुणी दारात अडवलं तर. आणि विधवेला कोण अडवणार? 'धाकू' म्हणताना तिची मान इतकी खाली गेली की नाव मांडीवरच्या पाटीलाच ऐकू आलं असेल, आणि मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग वही मास्तरांनी घरी नेली. तपासायला म्हणून.

तपासायला म्हणून! आजही हे दोन शब्द आठवले की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

गिरगावात त्यांचा मित्र होता, जयकुमार. पेटी वाजवायचा, चाली बांधायचा. त्याने वही वाचली आणि म्हणाला, झकास आहे रे, फक्त हे रडणं काढ. लोक तबकडी घेतात ती लग्नात वाजवायला, कुणी गेलेल्याची गाणी कशाला वाजवतील? वहीत होतं —

कंदील विझला बांधावरी,
आला न्हाय तू भरतीवरी...

आणि एकाच दुपारी, जयकुमारच्या खाटेवर पालथं पडून, पेन्सिल चावत, मास्तरांनी तिथे लिहिलं —

कंदील लावलाय बांधावरी,
येशील ना रं तू भरतीवरी...

बस, एवढंच. मेलेला नवरा लपून भेटायला येणारा सखा झाला. तीन कडवी सहज फिरली, चौथं फिरेना. तिथे नाव होतं. तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटं मावतात, तीन कडवी पुरे झाली, असं जयकुमार म्हणाला आणि मास्तरांना हायसं वाटलं... हो, हायसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. गीत कुणाचं लिहायचं, असं त्याने विचारलं तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गॅलरीत कुणीतरी टॉवेल वाळत घालत होतं. माझंच लिही, ते म्हणाले.

सहासष्टला तबकडी निघाली आणि पहिल्या वर्षी कुणाला पत्ता नव्हता. दुसऱ्या वर्षी मात्र ते गाणं जे सुटलं ते सुटलंच. चहाच्या दुकानात, गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये — पोरी पुठ्ठ्याचे कंदील घेऊन नाचायच्या आणि मास्तर पडद्यामागून दोरी ओढायचे. उत्तनजवळच्या चौक गावच्या होड्यांवर नाव घालायच्या जागी लोकांनी 'येशील ना रं' रंगवून घेतलं. एक पोरगी एका पोराबरोबर पळून गेली तर तिच्या आईने शिव्या दिल्या त्या पोराला नव्हे, गाण्याला. आणि हळदीत कंदील आला. आधी कुण्या हौशी करवलीने गंमत म्हणून लावला असेल. आता मांडवाच्या तोंडाशी नवरीने पेटता कंदील धरल्याशिवाय हळद चढत नाही. आजच दुपारी सरूबाई, गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, मास्तरांना समजावून सांगत होती, ही आमची रीत, पहिल्यापासूनची, आमच्या आज्याच्या वेळची. मास्तर मान डोलावत होते. मी खाटेवर पालथा पडून पेन्सिल चावत होतो त्या दुपारच्या वेळची रीत...

पण त्यांना जाळत होतं ते हेही नव्हतं. एकाहत्तर साली कुणा संशोधकाच्या लोकगीतांच्या पुस्तकात हे गाणं छापून आलं, खाली 'पारंपरिक, ठाणे जिल्ह्याचा किनारा'. किती सोपी सुटका होती! गप्प बसले असते तरी अर्धं पाप आपोआप फिटलं असतं. मास्तर रागाने लाल झाले. त्यांनी पत्र लिहिलं, दोन पानी, सुवाच्य अक्षरात: सदर गीत ही माझी स्वतंत्र रचना असून... स्वतंत्र! पत्र पेटीत टाकलं आणि मग भीती वाटली, पुरावा मागितला तर? पुरावा घरात एकच होता, तो त्यांच्याविरुद्धचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जिजाबाईची वही फाडून पाणी तापवायच्या बंबात घातली. विमला म्हणाली, काय जाळताय? पोरांच्या जुन्या वह्या, ते म्हणाले. त्या पाण्याने त्यांनी आंघोळ केली आणि शाळेत गेले.

संशोधकाने पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती केली. दिलगिरीही व्यक्त केली.

तर आज हे सगळं बोलायचं. चारचौघांत, माइकवर, जिचं घेतलं तिच्याच गावात, तिच्या दारात. गेले आठ दिवस ते वाक्य घोळवत होते — 'हे गाणं माझं नाही, हे जिजाबाईंचं आहे' — आणि ते वाक्य, खरं सांगायचं तर, त्यांना आवडायलाही लागलं होतं. आपण ते म्हणतोय, मांडव स्तब्ध झालाय, कुणीतरी डोळे पुसतंय... आपल्या शरमेतही आपण टाळ्या शोधतोय, हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी मांडवातली खुर्ची उगाचच थोडी मागे सरकवली.

गाणं वाजून संपलं. पोरं घामाघूम होऊन थांबली, सुगंधा पिवळी होऊन कंदील धरून उभी होती, आणि दाजीने माइक मास्तरांच्या हातात दिला. मास्तर उठले. तोंड उघडलं.

"मुर्ध्याच्या खाडीवर," ते म्हणाले, "एका संध्याकाळी मी एकटाच उभा होतो. लांब बांधावर एक कंदील दिसला. आणि मला ही ओळ सुचली."

शंभर वेळा सांगितलेलं तोंडातून आपसूक बाहेर पडलं. पायाला घरची वाट ठाऊक असते तसं. टाळ्या पडल्या. मास्तरांनी माइक दाजीला परत दिला तेव्हा त्यांच्या तळहाताचा घाम त्याच्या दांड्यावर राहिला होता आणि दाजीने तो धोतराला पुसला.

जिजाबाई मांडवात नव्हती. विधवा आईने हळदीला हात लावायचा नाही, म्हणून ती मागच्या पडवीत, भाताच्या टोपांशेजारी बसली होती. चाळिशीचीच बाई, पण केस कानांवर पांढरे झालेले. मास्तर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. इथे माइक नव्हता, टाळ्या नव्हत्या. इथे तरी जमेल.

"जिजाबाई," ते म्हणाले, "ते गाणं तुमचं आहे. मी चोरलं."

तिने टोपावरचं झाकण नीट केलं.

"म्हाईत हाय मना," ती म्हणाली. "तबकडीवर तुमचं नाव वाचलं की मी. वाचाया तुमीच शिकिवलंव ना."

राग नव्हता, टोमणाही नव्हता. विहिरीला पाणी आहे म्हणावं तसं ती बोलली. मास्तरांना वाटलं, आता ती रडेल, शिव्या देईल, निदान पाय तरी धरू देईल... तिने पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला आणि पेन्सिलीचा तुकडा.

"ते ऱ्हाऊ द्या. मना चवथं कडवं सांगा."

मास्तरांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग ती हळूहळू सांगत गेली. लग्नात घरच्या गेलेल्या माणसांना बोलावणं करायचं असतं, गाण्यातून, नाव घेऊन; त्याशिवाय ते येत नाहीत. पोरीच्या बापाला तिला स्वतःच्याच गाण्याने बोलवायचं होतं. बाकीची तीन कडवी तिला आता येतात ती कर्ण्यावरची. स्वतःची आठवायला गेलं की राघोची तबकडीच डोक्यात फिरायला लागते, विझला म्हणायला जावं तर लावलाय असंच तोंडात येतं. ती गेली तर गेली. पण चौथं कुणी वाजवलं नाही, ते तरी राहील असं तिला वाटलं होतं. तेही गेलं. नाव आठवतं, नावाच्या अलीकडचं पलीकडचं काही आठवत नाही.

"वयीत लिवलंय ना तुमी," ती म्हणाली. "वयी नसंल आनली तर तोंडानं सांगा. मी लिवते."

वही. मास्तरांनी डोळे मिटले. बारा वर्षं त्यांना खात्री होती की गाणं आपल्याला अक्षरन् अक्षर पाठ आहे, तिचं वेगळं आणि आपलं वेगळं, एका कप्प्यात चोरीचा माल आणि एका कप्प्यात आपला. आता ते आत शोधू लागले. कंदील विझला बांधावरी, हे होतं. पुढे... पुढे वर्ग आठवत होता. पाटीवर वाकलेली मान, मागच्या बायांचं हसू, वहीची चौकट, शाईचा एक थेंब पडला होता तो. शब्द नव्हते. फक्त 'धाकू', आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काही नाही. चोरी परत करता येते असं मी धरून चाललो होतो... मी चोरी कुठे केली होती, मी तर संपवून टाकलं होतं.

त्यांनी डोळे उघडले. जिजाबाईने कागद गुडघ्यावर ठेवून मधोमध एक शब्द लिहिला होता. धाकू. 'क'चा उकार दीर्घ, शेपूट थोडी जास्त लांब, त्यांनीच शिकवलेलं वळण. वर दोन ओळींची जागा सोडलेली, खाली एका ओळीची. आणि पेन्सिल वर धरून ती त्यांच्याकडे बघत होती, वर्गात बघायची तशी, पुढचं अक्षर मास्तरांना माहीत आहे अशा खात्रीने.

मांडवात राघोने पुन्हा पिन टेकवली. खरखर झाली.

सांगून टाकावं, जळालं, आठवत नाही. तीन शब्द आहेत. मास्तरांनी ओठ ओले केले — आणि त्याच क्षणी, त्यांनी बोलावली नसताना, त्यांच्या आत एक ओळ जुळायला लागली. खाडीवर होती, उघाडीवर होती, नावाला अचूक येऊन टेकत होती. तिला फरक कळला नसता. कुणालाच कळला नसता. ओळ चांगली होती, त्यांनी इतक्या वर्षांत लिहिलेल्या कशाहीपेक्षा चांगली, आणि तोंडात ती पूर्ण होत आली तशी त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू उमटू लागलं, हे त्यांना समजत होतं, आणि आवरत नव्हतं.

"सांगा, मास्तर," जिजाबाई म्हणाली.