वेस्ताची सही

कारकून हेमलतानं प्रशिक्षणाचं रजिस्टर फिरवून रेशमासमोर सरकवलं आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, ही तुमच्या नवऱ्याची सही आहे?" धुळ्याहून आलेल्या चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

रेशमा खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून दोन गाड्या बदलून ती आली होती. वेस्ताला जाऊन आज सतरावा दिवस. पालिकेच्या याच अग्निशमन केंद्रात तो कंत्राटी फायरमन होता. कापसाच्या गोदामाला आग लागली तेव्हा तोंडाला ओला रुमाल बांधून आत शिरला आणि धुरात गुदमरून पडला. श्वसनयंत्र गाडीतच होतं, पण ते कसं चढवायचं हे केंद्रात कुणालाच ठाऊक नव्हतं. यंत्राच्या पेटीचं सील केंद्रप्रमुख योगराज यांनी फोडलं ते दुसऱ्या दिवशी, पंचनाम्याच्या आधी, यंत्र वापरातलं दिसावं म्हणून.

रजिस्टरात मात्र तीन दिवसांचं प्रशिक्षण झालेलं होतं. मार्चमधल्या तपासणीच्या आदल्या दुपारी, योगराज यांच्याच सांगण्यावरून, हेमलतानं अकरा जणांच्या सह्या एका बैठकीत केल्या होत्या. पेनं बदलली, अक्षर कुठं डावीकडं झुकवलं, कुठं उजवीकडं. वेस्ताला लिहिता येतं की नाही, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

"त्या ते अंगठा लावेत," रेशमा नवऱ्याबद्दल आपल्या अहिराणीत म्हणाली.

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून योगराजकडं पाहिलं. हेमलतानं पेनाला टोपण लावलं. आता लिहायचं काही उरलं नव्हतं.

योगराज हलकेच खाकरले. "आधी अंगठाच लावायचा, ताई. इथं आल्यावर आम्ही शिकवलं त्याला. हुशार गडी होता."

रेशमा रजिस्टरावर वाकली. "लिखाले शिकनात?"

"हो ना. घरी बोलला नाही?"

"माले सांगं नही." ती थोडा वेळ त्या ओळीकडं पाहत राहिली. "पोर तिसरीले शे. ती रोज पाटीवर त्यास्नं नाव लिखी दे. त्या नुसता हासेत." मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "शिकी ग्यात, आनि सांगं नही."

सकाळपासून ओढलेला तिचा चेहरा जरासा सैल झाला.

"म्हणजे सही त्यांचीच?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"त्यास्नीच शे."

"आणि तुमच्यासमोर केली?" हा प्रश्न हेमलताला होता.

योगराज खिडकीबाहेर उभ्या गाडीकडं बघत होते. हेमलताकडं बघायची त्यांना गरज नव्हती.

"हो, साहेब," ती म्हणाली आणि टोपण काढलं.

अधिकारी रेशमाचा जबाब सांगत गेले, ती लिहीत गेली. 'माझे पती यांना श्वसनयंत्र वापरण्याचे प्रशिक्षण मिळालेले होते. ते यंत्र न घालता स्वतःच्या मर्जीने आत गेले. याबाबत माझी केंद्राविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.' मग तिनंच ते वाचून दाखवलं. कागदावरची ती मराठी रेशमाला कितपत कळली कोण जाणे. ती मान हलवत होती, पण तिची नजर रजिस्टरावरून हलली नाही. अंगठा लावायला शाईचं पॅड हेमलतानं धरलं.

अधिकारी आणि योगराज चहाला गेले. रेशमा तिथंच उभी राहिली.

"अक्का, हाईनी झेरॉक्स भेटी का? पोरले दखाडसू."

मुलीला दाखवायला हेमलतानं त्या पानाची प्रत काढून दिली. रेशमानं तो कोमट कागद दोन्ही हातांनी घेतला. अकरा ओळींत तिला नवऱ्याची ओळ सापडेना. हेमलतानं पुन्हा बोट ठेवलं.

रेशमानं त्या अक्षरांवरून, अंगठ्याची शाई लागू नये म्हणून, करंगळी फिरवली.

"कितलं चांगलं अक्षर शे, अक्का," ती म्हणाली.