चार कंट्रोलर, एक दरवाजा

“घेऊन जा मॅडम! दिसायले एवढासाच आहे, पण चार लेकरं कडेवर घेते!” सीताबर्डीच्या त्या दुकानदाराचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

मित्रांनो, मी एक जुना यूएसबी हब आहे. तळहाताएवढी काळी डबी. माझी एक तार संगणकात जाते आणि माझ्या अंगावरच्या चार खाचांत चार वस्तू जोडता येतात. कुठल्याशा कारखान्यात माझ्या पोटात तांब्याचे धागे बसवले गेले, पण माझं खरं आयुष्य सुरू झालं ते हुडकेश्वरच्या शाळेत. वंदना मॅडमनी तिथं रोबोटिक्सची खोली थाटली, तेव्हा मी आलो.

मुलांनी एक गाडी बनवली. तिला चार कंट्रोलर, म्हणजे चार छोटे मेंदू. एक डाव्या चाकांचा, एक उजव्यांचा, एक रस्ता बघणाऱ्या डोळ्याचा आणि एक वस्तू उचलणाऱ्या हाताचा. संगणकाचा हुकूम या चौघांकडे माझ्यातूनच जायचा. चारही दिवे लागले, की मला भरल्या घरासारखं वाटायचं.

तारा जोडायचं काम मिनलचं. उमरेडच्या विणकरांची ही लेक यंदाच शाळेत आलेली, बोलायला कमी. बाकीचे डबा खात असत, तेव्हा ती एकटीच येऊन मला सजवून ठेवी. कुणी मदतीला आलंच, तर म्हणे, “माह्यावर सोडा न.”

स्पर्धा प्रताप नगरच्या सभागृहात ठरली. मॅडम म्हणाल्या, “टेबलाजवळ दोघंच चालतात. परीक्षकांशी इंग्रजीत बोलावं लागेल, तेव्हा प्रज्वल आणि खुशी जातील.”

“हो मॅडम,” मिनल म्हणाली. माझ्यात नीट बसलेली एक तार तिनं उगाच काढली आणि पुन्हा लावली.

सरावाच्या दिवशी जोडणी त्या दोघांनीच करायची होती. खुशीनं गाडीला कुंकू लावलं, मलाही एक बोट मिळालं. मुहूर्तावर सगळं एकदमच सुरू व्हावं, म्हणून प्रज्वलनं चारही तारा आधीच खोचून ठेवल्या आणि मग संगणकाचं बटण दाबलं.

हुकूम गेला, पुढं चल. गाडी जागची हलली नाही. तिचा हात तेवढा वर झाला.

“अबे, मी चाल म्हणून राहिलो, हे टाटा काहून करून राहिली?”

“तुलेच करते गा टाटा!” खुशी हसली.

पुन्हा सुरू केलं, तर गाडी एकाच बाजूच्या चाकांवर गरगर फिरली. तारा बदलल्या. एकेक कंट्रोलर वेगळा लावून पाहिला, तर प्रत्येक जण शहाण्यासारखा वागला. चौघं एकत्र आले, की पुन्हा गोंधळ.

“हा डबडाच खराब आहे,” प्रज्वल म्हणाला आणि मी भंगाराच्या खोक्यात जळक्या मोटारींवर जाऊन पडलो.

“आज चाललं नाही, तर आपण माघार घेऊ,” मॅडम हळूच म्हणाल्या.

माझं काही बिघडलंच नव्हतं. मी नुसता दरवाजा. आधी आत येईल त्याला आमचा संगणक पहिला म्हणतो, मागून येईल त्याला दुसरा, आणि त्याच नंबरानं हुकूम सोडतो. चौघं एकदम घुसले, की नंबरांची अदलाबदल होते आणि चाकाचा हुकूम हाताला जातो. मित्रांनो, एखादी वस्तू ऐकत नसली, तर फेकण्याआधी तिची रीत विचारा. आम्हाला तोंड नसतं. आणि ज्यांना असतं, त्यांनाही कधी कधी बोलणं जड जातं.

मिनल खिडकीशी उभी होती. ही रीत तिनं स्वतःपाशीच ठेवली असती, तर कदाचित स्पर्धेला तिलाच न्यावं लागलं असतं. पण ती आली. मला उचलून ओढणीनं पुसलं, सुरू असलेल्या संगणकाला जोडलं आणि एकेकाचा दिवा लागेपर्यंत थांबत, मोठ्यानं म्हणत, चारही तारा लावल्या.

“डावं चाक, उजवं चाक,
मंग डोळा लावून टाक,
हाताले शेवटी हाक.”

गाडी सरळ गेली, थांबली, तिनं लाकडी ठोकळा उचलला. प्रज्वलनं शिट्टी मारली. खुशी मात्र मिनलकडंच बघत राहिली.

“हे आधी काहून नाही सांगितलं वं?”

मिनलनं माझी तार बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली.

“सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर तुमाले माही गरज काय राह्यली असती?”